शेवगा आणि हादगा

(शालेय परसबागेविषयी प्राथमिक शिक्षकांकरिता दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जूनच्या मध्यास शाळा उघडते, मृगाचा एखादा पाऊस पडून जातो आणि वृक्षारोपणाचा दिवस ठरतो. मुले ओळीने उभी राहतात, सरपंच येतात, नारळ फुटतो, रोप खड्ड्यात बसते आणि त्याच्या बुडाशी तांब्याभर पाणी पडते. समारंभ मोठा हौसेचा असतो. परंतु जुन्या शिक्षकांच्या ध्यानात एक गोष्ट हमखास आलेली असते, ती अशी की खड्डा गतवर्षीचाच असतो. रोप तेवढे नवे. मधल्या काळात जुन्या रोपाचे काय झाले हे कोणी विचारीत नाही, कारण उत्तर सर्वांस ठाऊक असते. ते मे महिन्याने नेलेले असते.

धाराशिव जिल्ह्यात झाडाची निवड करावयाची तर विचाराचा आरंभ या मे महिन्यापासूनच करावयास हवा. जिल्ह्याचा वार्षिक पाऊस सरासरीने सहाशे ते साडेसातशे मिलिमीटरच्या दरम्यान. तोही मृगात आला तर आला, नाही तर पुढची नक्षत्रे कोरडी जाऊन परतीच्या पावसावर भिस्त. बालाघाटाच्या माथ्यावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो, तर तेरणा आणि मांजरेच्या काठाला काळी, चिवट आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी जमीन. 1972 चा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेला, आणि 2012-13 व 2015-16 ची वर्षे तर पुष्कळांनी स्वतः टँकरच्या रांगेत काढलेली. अशा मुलखात एप्रिल-मे हे दोन महिने झाडाच्या खऱ्या कसोटीचे, आणि नेमकी त्यांतल्या मे महिन्यात शाळा बंद असते. म्हणून शाळेच्या आवारातील झाडासंबंधी पहिला प्रश्न ‘याचा उपयोग काय’ हा नव्हे, ‘सुटीत यास पाणी कोण घालणार’ हा विचारावा. पुष्कळ गावी त्याचे प्रामाणिक उत्तर ‘कोणी नाही’ असेच येईल. ते तसे येण्यात लाज वाटण्याचे कारण नाही. झाड मात्र त्या उत्तराला साजेसे निवडावे.

या दृष्टीने शेवगा आणि हादगा ही दोन झाडे शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. दोन्ही झपाट्याने वाढतात. दोन्हींचे पान, फूल आणि शेंग खाण्यात येते. दोन्हींची सावली विरळ, त्यामुळे खाली मेथी-कोथिंबिरीचा वाफा करता येतो. पानवेलीला आधार म्हणून पानमळ्यांत दोन्ही लावण्याची चाल जुनी आहे. दुरून पाहणाऱ्यास ती एकाच घरची वाटावीत, आणि शालेय परसबागेच्या याद्यांत ती ‘शेवगा, हादगा’ अशी एका दमात लिहिलीही जातात. पण त्यांची जात, त्यांचे मूळ स्थान आणि त्यांच्या मुळांचा स्वभाव यांत एवढे अंतर आहे की, एकास जी जागा मानवते ती दुसऱ्यास मारक ठरते.

शेवग्याचे मूळ स्थान उत्तर भारतात हिमालयाच्या पायथ्यालगतचा कोरडा प्रदेश. संस्कृतात त्यास शिग्रु म्हणतात. तमिळमधील ‘मुरुंगै’ या नावावरून पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यास मोरिंगा हे शास्त्रीय नाव दिले. उमरगा तालुक्याच्या सीमेवरील गावांतून, जेथे घरोघर कानडी बोलले जाते, तेथील मुले त्यास ‘नुग्गे’ म्हणतील आणि हादग्यास ‘अगसे’. वर्गात ही नावे मुद्दाम विचारावीत. घरची भाषा शाळेत कामास आली की मूल अंमळ सरसावून बसते. हादगा हा मात्र बहुधा आग्नेय आशियाच्या दमट, उष्ण मुलखातून इकडे आलेला. संस्कृतात तो अगस्त्य किंवा अगस्ती. आकाशात अगस्त्याचा तारा उगवू लागतो त्या सुमारास त्याचा बहर सुरू होतो, असा त्या नावाचा संबंध सांगतात. कोल्हापूर-साताऱ्याकडील मुलींस हे नाव झाडाच्या आधी खेळातून कळते, कारण हस्त नक्षत्रात पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरावयाचा तोही हादगाच.

आता मुळांकडे वळावे. बियांपासून वाढलेल्या शेवग्याचे रोप पहिल्या काही आठवड्यांतच खाली गाजरासारखे जाड सोटमूळ धरते. ही त्याची पाण्याची आणि अन्नाची कोठी. उन्हाळ्यात वरची पाने गळाली, शेंडा सुकला, तरी कोठी शाबूत असली म्हणजे पहिल्या वळिवासरशी बुंध्यातून नवे फुटवे येतात. मेले म्हणून सोडून दिलेले शेवग्याचे झाड जूनमध्ये हिरवे झालेले पुष्कळांनी पाहिले असेल. परंतु हेच मूळ साचलेले पाणी सोसत नाही. काळ्या जमिनीत आठ-पंधरा दिवस बुंध्याशी पाणी तुंबले की मूळ कुजते, आणि झाड भर पावसाळ्यात पिवळे पडून जाते. मग लोक म्हणतात, पाणी घालूनही जगला नाही. वस्तुतः तो पाण्यामुळेच गेलेला असतो.

हादग्याचे याच्या उलट. तो द्विदल वर्गातला, म्हणजे तूर-हरभऱ्याचा नातलग. त्याच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या गाठींतील सूक्ष्म जंतू हवेतील नत्र धरून जमिनीस देतात. ओल त्यास प्रिय आहे. काही दिवस बुडाशी पाणी राहिले तरी तो कुरकुरत नाही. परंतु त्याच्याजवळ शेवग्यासारखी कोठी नाही. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यास एखादी घागर पाणी पोचले नाही तर तो वाळतो, आणि एकदा बुंध्यापर्यंत वाळला म्हणजे बहुधा परत फुटत नाही.

एवढे कळल्यावर शाळेचे आवार पुन्हा एकदा नजरेखालून घालावे. प्रत्येक शाळेत दोन ठळक जागा असतात. एक हात धुण्याची. पोषण आहाराच्या वेळी मुले तेथे हात-ताटल्या धुतात आणि पाणी वाहून जवळच्या खळग्यात मुरते. दुसरी फाटकाजवळची उंचवट्याची, मुरमाड, उन्हाने भाजणारी जागा. बहुतेक ठिकाणी रीत अशी दिसते की, शेवगा हा घरोघरी कामाचा म्हणून पाण्याजवळ लावतात, आणि हादगा फुलांनी शोभेल म्हणून फाटकाशी. दोघांवरही अन्याय होतो. शेवगा पाण्याजवळ कुजतो आणि हादगा फाटकाशी करपतो. या दोघांची नुसती अदलाबदल केली तरी दरसाल त्याच खड्ड्यात नवे रोप घालण्याचा प्रसंग पुष्कळ शाळांतून टळेल.

साठ मुलांच्या शाळेत जेवणापूर्वीचे व नंतरचे मिळून दर मुलामागे एक लिटर पाणी हातावर पडले, तरी दिवसास साठ लिटर पाणी होते. तांदूळ आणि डाळ धुतलेले पाणी वेगळेच. हे सारे चर काढून हादग्याच्या आळ्यात नेता येते. मात्र भांडी घासलेले सोड्याचे व साबणाचे पाणी बुंध्याशी साचू देऊ नये, ते दुसरीकडे वळवावे. सुटी लागली की हा झराही आटतो, हे विसरून चालणार नाही. म्हणून हादगा अशाच शाळेत लावावा जिच्या शेजारी राहते घर आहे आणि त्या घरातून मे महिन्यात आठवड्यास एक घागर पाणी मिळण्याची खात्री आहे. स्वयंपाकी ताई किंवा मदतनीस बहुधा शाळेच्या जवळच राहतात. त्यांना हादग्याची फुले आणि पाला घेऊन जाण्याची मोकळीक दिली तर पाण्याची आठवण निराळी द्यावी लागत नाही. बुंध्यापासून हातभर अंतरावर कोरे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून ते भरून ठेवावे व वर झाकण घालावे. पाणी हळूहळू पाझरत राहते आणि एका भरण्यात झाडाचे पुष्कळ दिवस निघतात. ज्या शाळेस असे शेजारघर नाही, माळावर एकटी उभी आहे, तेथे हादग्याचा आग्रह धरू नये. तेथे तीन शेवगे लावावेत.

1993 च्या भूकंपानंतर लोहारा व उमरगा तालुक्यांत जी गावे नव्याने वसली, त्यांतील रस्ते रुंद आणि आवारे ऐसपैस आहेत. जागेची तेथे वाण नाही. परंतु जागा पुष्कळ म्हणून झाडे पुष्कळ, असा हिशेब करू नये. झाडांचा हिशेब नेहमी पाण्याच्या मापाने करावा.

लागवडीची रीत दोहोंची थोडक्यात सांगता येईल. शेवगा लावावयाचा तर दीड फूट लांब, रुंद आणि खोल असा खड्डा मे महिन्यातच खणून तापू द्यावा, माती व चांगले कुजलेले शेणखत यांनी भरावा आणि जमिनीच्या किंचित वर उंचवटा ठेवावा, म्हणजे पाणी साचणार नाही. पाऊस स्थिरावल्यावर दोन-तीन बिया बोटाच्या पेराएवढ्या खोल टोचाव्यात. आठ-बारा दिवसांत उगवण होते. पुढे जोमदार रोप ठेवून बाकीची काढून टाकावीत. दोन झाडांत आठ ते दहा फूट अंतर असावे.

फांदी लावूनही शेवगा येतो, आणि गावात तीच चाल अधिक. मनगटाएवढी जाड, तीन-चार फूट लांब फांदी रोवली की महिन्याभरात फुटते, आणि शेंगाही लवकर धरतात. परंतु शाळेकरिता बीच पसंत करावे. फांदीपासून आलेल्या झाडास ते सोटमूळ नसते, मुळे वरवर पसरतात. म्हणून ते उन्हात लवकर हबकते आणि वादळात मुळासकट कलंडते. पिशवीतले रोप आणून लावण्यातही तोच धोका थोड्या प्रमाणात आहे, कारण पिशवीच्या तळाशी सोटमुळाची गुंडाळी होते. तेव्हा रोप महिन्या-दीड महिन्याहून जुने नसावे. वाणांत, तमिळनाडू कृषि विद्यापीठाच्या पेरियाकुलम येथील उद्यानविद्या महाविद्यालयाने काढलेला पीकेएम-1 हा बियांपासून येणारा आणि लवकर धरणारा वाण आहे. जूनमध्ये पेरला तर पुढील उन्हाळ्याच्या तोंडाशी शेंगा हाती लागतात. दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाचा कोकण रुचिरा हाही नावाजलेला आहे. परंतु गावातल्याच एखाद्या जुन्या, चवीच्या झाडाचे बी मिळाले तर तेही सोडू नये. जे झाड तीन दुष्काळ पाहून उभे आहे, त्याने आपली परीक्षा दिलेली असते.

हादग्याचे बी टणक कवचाचे. ते रात्रभर, किंबहुना पुरा एक दिवस, साध्या पाण्यात भिजवावे आणि मग हात धुण्याच्या जागेपासून निघालेल्या चराच्या कडेस पेरावे. त्याची वाढ पाहून मुलांस अचंबा वाटतो. जूनमध्ये बोटाएवढे असलेले रोप दिवाळीपर्यंत शिक्षकाच्या डोक्यावर जाते. भिंतीवर खडूने दर पंधरवड्यास त्याची उंची नोंदवावी. अंकगणिताच्या तासास आयती उदाहरणे मिळतात.

वाढीच्या या भरात एक विघ्न ठरलेले, आणि ते म्हणजे शेळी. उस्मानाबादी शेळीची ख्याती देशभर आहे. काळी, चपळ, बहुधा जुळी करडे देणारी ही जात या जिल्ह्याच्या नावानेच ओळखली जाते, आणि जिल्ह्याचे नाव 2023 साली धाराशिव झाले तरी शेळी उस्मानाबादीच राहिली आहे. हादग्याचा पाला तिचा आवडता. दावणीस बांधलेल्या शेळीस तो घालणे उत्तमच; पण मोकळी शेळी शाळेच्या आवारात शिरली तर कोवळा हादगा शेंड्यासकट एका घटकेत संपतो. शेवगाही ती खाते, परंतु शेवगा खालून पुन्हा फुटतो. म्हणून हादग्याभोवती पहिले वर्षभर छातीइतके उंच बाभळीच्या काट्यांचे कुंपण असलेच पाहिजे. कुंपण करणे जमणार नसेल तर हादगा लावणे म्हणजे गावातल्या शेळ्यांस निमंत्रण होय.

छाटणीच्या बाबतीत हाच स्वभावभेद पुन्हा दिसतो. शेवग्याचे रोप कमरेएवढे झाले की शेंडा खुडावा. बाजूच्या फांद्या फुटून झाड पसरते. दरवर्षी शेंगा उतरल्यावर ते तीन-चार फुटांवर बिनदिक्कत कापावे. न कापलेला शेवगा वीस-पंचवीस फूट वर जातो, आणि मग शेंगा काढण्याकरिता मुले झाडावर चढतात. शेवग्याचे लाकूड फार ठिसूळ असते. भरदार दिसणारी फांदी मुलाच्या वजनाने काडकन मोडते. शाळेच्या आवारात शेवगा कधीही हाताबाहेर उंच होऊ देता कामा नये. हा केवळ बागकामाचा नव्हे, मुलांच्या हातापायांचा प्रश्न आहे. हादग्यास मात्र असे खोडापासून कापणे सोसत नाही. वरचेवर बोडके केलेले झाड पहिल्या-दुसऱ्या छाटणीस तग धरते आणि पुढे एकाएकी वाळते. त्याचा मुख्य दांडा तसाच ठेवून बाजूच्या डहाळ्याच तेवढ्या काढाव्यात. त्याचे आयुष्यही फार नसते, आणि एप्रिल-मेच्या वळिवाच्या वावटळीत तो मोडण्याचा संभव असतो. म्हणून त्यास इमारतीच्या आडोशाला जागा द्यावी. थोडक्यात, शेवगा हा चिवट आणि क्षमाशील, हादगा उमदा पण नाजूक.

उपयोगाकडे वळताना आधी एक आकडा सांगावयास हवा, कारण तो वरील विवेचनाच्या उलट बोलतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकात शंभर ग्रॅम ताज्या शेवग्याच्या पाल्यात 440 मिलिग्रॅम कॅल्शियम व 6.7 ग्रॅम प्रथिने दिली आहेत, तर हादग्याच्या पाल्यात 1130 मिलिग्रॅम कॅल्शियम व 8.4 ग्रॅम प्रथिने. 2017 साली निघालेल्या नव्या कोष्टकात दोन्ही पाल्यांतील कॅल्शियम काहीसे कमी भरले, क्रम मात्र तोच राहिला. गाईच्या शंभर ग्रॅम दुधात कॅल्शियम 120 मिलिग्रॅमच्या आसपास असते, यावरून दोन्ही पाल्यांची योग्यता कळावी. कोष्टक पाहून कोणी म्हणेल की, मग मुलांस हादग्याचाच पाला का देऊ नये?

येथे कोष्टक आणि ताटली यांच्यात अंतर पडते. हादग्याचा पाला कडसर आहे. तमिळनाडूत त्याची भाजी नेमाने खातात, एकादशीचा उपवास द्वादशीस सोडताना तर ती आवर्जून करतात. तेथील जिभेस ती चव लहानपणापासून परिचित असते. मराठवाड्यातील मुलाने ती पहिल्याच दिवशी गोड मानून घ्यावी ही अपेक्षा फोल होय. मुलाने ताटलीच्या कडेस सारून ठेवलेल्या पाल्यातील कॅल्शियम कोणाच्याच हाडांस लागत नाही. शिवाय शंभर ग्रॅम पाला म्हणजे मोठी परडीभर होतो. मुलाच्या वाट्यास एका वेळी दहा-पंधरा ग्रॅम आला तरी पुष्कळ. तो अंगी लागावयाचा तर आठवड्यातून दोन-तीनदा आणि वर्षातले पुष्कळ महिने मिळावयास हवा. शेवग्याचा पाला चवीस सौम्य, डाळीत आणि खिचडीत सहज मिसळणारा. पावसाळाभर आणि त्यापुढे थंडी पडेतो तो पुरतो. म्हणून मुलांस शेवग्याचा पाला, शेळ्या-गुरांस हादग्याचा पाला आणि सर्वांस हादग्याचे फूल, अशी वाटणी व्यवहारात बरी.

शेवग्याचा पाला ओरपून देठ-काड्या काढून टाकाव्यात, धुवावा, बारीक चिरावा आणि डाळ शिजत आल्यावर टाकावा. आधी टाकला तर काळवंडतो आणि मुलांच्या मनातून उतरतो. आरंभी पंचवीस मुलांच्या डाळीस एखादी ओंजळच घालावी. पाला वाढतो आहे हे कळू न देता तो वाढविणे ही स्वयंपाकी ताईंची कला आहे, आणि तीत शिक्षकांनी फारसे लक्ष न घालणे उत्तम. शेंगांची आमटी काय वर्णावी? ती घरोघरी आहे. फुलांची भाजी डाळीचे पीठ पेरून करतात. परंतु फुले खाल्ली की तेवढ्या शेंगा गेल्या, हा हिशेब मुलांनीच मांडावा.

हादग्याचे फूल मात्र मोठे, बोटाएवढे लांब, पांढरे आणि क्वचित तांबडे. कळी उमलण्याच्या बेतात असताना खुडावी, आतील केसर काढून टाकावेत, कारण कडवटपणा पुष्कळसा त्यांत असतो. मग धुऊन, चिरून कांदा, हिरवी मिरची व डाळीचे पीठ घालून परतावी, किंवा भजी करावीत. परतीच्या पावसापासून थंडीपर्यंत फुले मिळत राहतात. कोवळ्या शेंगांची भाजीही होते, परंतु त्या चटकन वातड होतात.

दोन सावधगिऱ्या येथेच सांगितलेल्या बऱ्या. शेवग्याचे मूळ व मुळाची साल मुलांनी चघळू नये. तिला मुळ्यासारखा तिखट वास येतो म्हणून मुलांस मोह होतो, पण ती अपायकारक आहे. दुसरी सावधगिरी सुरवंटांची. शेवग्यावर केसाळ सुरवंट पडतात आणि दिवसा बुंध्यावर पुंजक्यांनी बसून राहतात. त्यांचे केस अंगास लागले की भयंकर खाज सुटते व पुरळ उठते. म्हणून शेवगा वर्गाच्या खिडकीपासून व पाण्याच्या टाकीपासून दूर असावा, आणि बुंध्यावर पुंजका दिसताच मोठ्या माणसाने, अंग झाकून, तो पेटत्या पलित्याने नष्ट करावा. हे काम मुलांवर कदापि सोपवू नये. घराच्या दाराशी शेवगा लावू नये असा जो समज काही ठिकाणी आढळतो, त्याच्या मुळाशी ठिसूळ फांद्या आणि हे सुरवंट असावेत असे मानण्यास जागा आहे.

निसर्गाभ्यासाच्या तासास या जोडीसारखी सोय दुसरी नाही. दोन्हींची एकेक पानडहाळी मुलांच्या हाती द्यावी. शेवग्याच्या देठास फाटे, फाट्यांस पुन्हा फाटे आणि त्यांवर टिकलीएवढ्या गोलसर पर्णिका. हादग्याच्या एकाच सरळ देठावर समोरासमोर चिंचेसारख्या, पण मोठ्या, दहापासून तीसपर्यंत जोड्या. फूल पाहिले तर हादग्याचे वाटाण्याच्या फुलासारखे, एक पाकळी मोठी, दोन बाजूंस, दोन खाली जुळून होडीसारख्या. शेवग्याचे लहान, मलईच्या रंगाचे, पाच पाकळ्यांचे आणि सुवासिक. शेवग्यावर मधमाश्या व भुंगे येतात, हादग्यावर चिमुकले शिंजीर पक्षी मध चाखताना दिसतात. विरळणीत काढलेले हादग्याचे रोप मुळे न तोडता धुऊन दाखवावे. गाठ नखाने फोडली तर आत गुलाबी रंग दिसतो. तो दिसला म्हणजे गाठ कामावर आहे असे समजावे. शेवग्याच्या मुळावर अशी एकही गाठ सापडत नाही. ‘खत कोणास अधिक लागेल?’ हा प्रश्न येथे विचारला की उत्तर मुलांच्या तोंडूनच येते.

वरच्या वर्गांकरिता आणखी एक प्रयोग आहे. शेवग्याच्या वाळल्या बियांचे पंख व टरफल काढून आतील पांढरा गर कुटावा. एक लिटर गढूळ पाण्यास एक-दोन बियांचा गर पुरे. तो थोड्या पाण्यात कालवून, फडक्याने गाळून त्या गढूळ पाण्यात टाकावा, आधी मिनिटभर जोराने व मग पाच मिनिटे हळूहळू ढवळावे आणि तासा-दोन तासांसाठी पाणी स्वस्थ ठेवावे. गरातील प्रथिनांमुळे मातीचे कण एकमेकांस चिकटून तळाशी बसतात. शेजारी नुसत्या गढूळ पाण्याचा दुसरा ग्लास ठेवल्याखेरीज प्रयोग पुरा होत नाही. आणि मुलांस हेही त्याच वेळी स्पष्ट सांगावे की, निवळ दिसणारे पाणी निर्जंतुक झालेले नसते. पिण्याकरिता ते उकळावेच लागते. टँकरच्या दिवसांत ही गोष्ट घरी जाऊन सांगणारे मूल शाळेने तयार केले तर तो तास सार्थकी लागला.

शालेय पोषण आहाराची योजना 1995 साली देशात सुरू झाली, आणि 2019 पासून शाळाशाळांतून परसबाग करण्याविषयी मार्गदर्शक सूचना आहेत. स्पर्धाही होतात, आणि स्पर्धेच्या वेळी वाफे हिरवेगार असतात. पालेभाजीच्या वाफ्याचे आयुष्य पाच-सहा आठवड्यांचे; तो पुन्हा पेरता येतो. झाडाचे तसे नाही. म्हणून परसबागेची पाहणी करणाऱ्यांनी फेब्रुवारीतल्या वाफ्यांबरोबर जूनच्या पहिल्या आठवड्यातले शेवगे आणि हादगे यांचीही एक नोंद ठेवावी. लावलेली किती यापेक्षा उन्हाळ्यातून निघालेली किती, हा आकडा अधिक बोलका ठरेल.

शाळा सुटीसाठी बंद करण्याच्या आधीच्या आठवड्यात करण्याजोगी कामे थोडी आहेत. शेवग्याच्या बुंध्याभोवती वाळका पाला व तुराट्यांचा चुरा चार बोटे जाड पसरावा आणि बुंध्याजवळ चार बोटे जागा मोकळी सोडावी, म्हणजे वाळवी खोडास लागणार नाही. हादग्याचे मडके भरावे आणि शेजारघरी दिवस ठरवून द्यावा. कुंपणातील ढिले काटे बदलावेत. वाळलेल्या शेंगा उतरवून बी काढावे. शेवग्याचे बी फार दिवस टिकत नाही, त्याची उगवणशक्ती वर्षभरात उतरू लागते. म्हणून ते येत्या जूनमध्येच पेरावे, अगर मुलांस घरी लावण्यासाठी वाटून टाकावे. हादग्याचे बी कवचामुळे अधिक काळ राहते. ते राखेत घोळून, कोरड्या डब्यात भरून, वर झाडाचे नाव आणि वर्ष लिहून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावे.